टाकीच्या वळणापासून पुढे

बाजारात त्याला सगळे मिलिग्रॅम म्हणत. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. सोनाराच्या इवल्याशा काट्यापासून दवाखान्यात तान्ही बाळं तोलायच्या काट्यापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जाई, आणि काटा केसभर जरी कलला तरी त्याला जेवण गोड लागत नसे. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारावं. "लोक पाहुण्यांना विचारतात, साखर किती चमचे. हे विचारतात, चमचा कुठला," असं ती कुणालाही सांगायची, आणि त्याच्यासमोरच सांगायची.

तर हा सत्तावन्न वर्षांचा माणूस गेली सात वर्षं एका गाडीपायी वेडा झाला होता.

गाडी त्याच्या वडिलांची. चार दारांची, दिसायला अगदी घरंदाज, पण अंगात शर्यतीची खोड. रंग मोरपंखी, म्हणून घरात तिला मोरपंखीच म्हणत. वडील शिलाई यंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव हिंडायचे. सुया आणि पट्टे विकणाऱ्याला असली गाडी कशाला, असं नातेवाईक विचारत. वडील हसून सोडून देत. चौदा वर्षं त्यांनी ती जिवापाड जपली. मग डोळे अधू झाले, आणि ज्याला नीट दिसत नाही त्याने स्टेअरिंग धरू नये, असं म्हणून आठ दिवसांत गाडी विकून ते मोकळे झाले. मुलाचं लायसन्स हातात पडायला तेव्हा तीन आठवडे उरले होते. वीस वर्षांच्या पोराच्या तोंडचा घास असा गेला, आणि त्याने वडिलांना एका शब्दाने विचारलं नाही, की तीन आठवडे थांबला का नाहीत. त्या घरात कुणीच कुणाला काही विचारत नसे, हाच तर सगळा घोळ आहे. पुढे पाच वर्षांत वडील गेले आणि विचारायचं कायमचं राहून गेलं.

तीस वर्षांनी एका विटांच्या कारखान्यात तो मोठा काटा दुरुस्त करायला गेला, आणि मागच्या छपराखाली त्याला मोरपंखी दिसली. चाकं नव्हती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. त्याने पुढच्या कप्प्याचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. सातव्या वर्षी त्यानेच खिळ्याने ओढलेली वेडीवाकडी रेघ बोटाला लागली. तो काटा दुरुस्त करायचा विसरला. अख्ख्या हयातीत एवढा एकच काटा विसरला असेल.

वडिलांच्या वेळचा मेस्त्री अजून हयात होता. वय ऐंशीच्या घरात, तोंडात दात औषधाला नाही, पण हात थरथरत नसत. दोघांनी मिळून गाडी हाडापर्यंत उघडली. गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला, दारं सरळ केली, सीटचं कापड तीनदा शिवून तीनदा उसवलं. मिलिग्रॅमला सगळ्यात आवडलं ते इंजिनात हवा-पेट्रोल सोडणारे दोन कार्ब्युरेटर जुळवायचं काम. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात. दोन्हीकडून हवा ओढल्याचा आवाज तंतोतंत सारखा यायला हवा; एक जरी जास्त ओढू लागला तरी इंजिन रुसतं. हा तर काटाच झाला की! त्याने पूर्ण एक दिवस कानात नळी घालून काढला. "अरे, आता तिला जरा श्वास घेऊ दे," असं म्हणून शेवटी मेस्त्रीने नळी काढून घेतली.

आणि मग एका सकाळी तो तिला रस्त्यावर घेऊन निघाला. सदतीस वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती हाती आली की बहुतेकदा माणूस हिरमुसतो. मिलिग्रॅम हिरमुसला नाही. विमानतळाच्या मागचा जुना रस्ता मोकळा होता. दुसऱ्या गिअरमध्ये तिने घसा खाकरल्यासारखं केलं, तिसऱ्यात तिचा आवाज भरला, आणि वळणावर स्टेअरिंग त्याच्या हातात असं जड होऊन स्थिरावलं, की जणू कुणी समोरून हात धरला आहे. नव्या गाड्या माणसाला उचलून नेतात; ही विचारून नेत होती. किती देऊ? एवढं पुरे? अजून हवं? त्याने पाय दाबला, तिने तेवढंच दिलं, मिलिग्रॅमभर कमी नाही की जास्त नाही. तो एकटाच मोठ्याने हसला. मग डावीकडच्या रिकाम्या सीटकडे त्याचं लक्ष गेलं आणि हसू ओसरलं. लहानपणी सुट्टीत त्या जागी तो बसायचा. आता तो ह्या बाजूला आला होता, आणि इथे बसणारा माणूस कुठेच नव्हता.

म्हणूनच असेल, आईने एकदा तरी ह्या गाडीत बसावं असं त्याच्या मनाने घेतलं.

आई त्र्याऐंशी वर्षांची. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यातली चौदा वर्षं रात्रपाळीला; शेजारीपाजारी अजूनही तिला सिस्टरच म्हणत. तब्येत खुटखुटीत, पण कान दगा देऊ लागले होते. डावा तर गेलाच होता. उजव्याला कानाच्या डॉक्टरांनी फार तर सहा महिने दिले होते. यंत्र लावून पाहिलं, तर तिला माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू येऊ लागली. "भांड्यांशी मला काय बोलायचंय?" असं म्हणून तिने ते खणात ठेवून दिलं. तेव्हा जे काही आईला ऐकवायचं ते ह्या सहा महिन्यांत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मिलिग्रॅमला तिला मोरपंखी ऐकवायची होती.

आणि आई काही बधेना. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली, बघितलं, "छान केलीस हो," म्हणाली आणि आत गेली. एक चक्कर मारू म्हटलं, तर गुडघे दुखत होते. पुढच्या वेळी, तिला कुठे जायचंच नव्हतं. तिसऱ्यांदा त्याने फारच गळ घातली, तेव्हा ती म्हणाली, "ही ती गाडी नाही रे."

झालं. मिलिग्रॅमला कुणी सांगावं की काटा चुकतोय, म्हणजे त्याच्या झोपेचं खोबरं. ती गाडी नाही म्हणजे कुठे नाही? हॉर्न वेगळा असेल. त्याने जुना हॉर्न शोधून काढला. सीटचा दोरा गडद असेल. दोरा बदलला. गिअरच्या दांड्यावरची लाकडी मूठ मूळची नव्हती. ती मिळवायला दोन महिने गेले. अंगणात तेल मुरू नये म्हणून जुनी खडी काढून त्याने स्वतःच्या हातांनी, लेव्हल लावून, फरशी घातली. आई प्रत्येक वेळी बघायची, "छान केलीस," म्हणायची आणि आत जायची. डॉक्टरांच्या सहा महिन्यांतले साडेतीन असे गेले.

शेवटी त्याने ठरवलं, की आईला गाडी नीट ऐकूच येत नाहीये. दोष असेल तर आवाज पोचण्यात आहे.

एका रविवारी त्याने मेस्त्रीला आणि शेजारच्या दोन घरांना चहाला बोलावलं. आई व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. मिलिग्रॅमने मोरपंखी अगदी पायरीला भिडवली, तोंड आईच्या उजव्या कानाकडे, आणि अॅक्सिलरेटर दाबला. काय तो आवाज! कपबशा थरथरल्या. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने कानावर हात घेतला.

"बंद कर," ती म्हणाली. "त्या गाडीला आवाज नव्हता."

शेजारीण बायकोकडे बघून हळूच डोक्याजवळ बोट फिरवू लागली. बायकोने तिच्याकडे असं काही पाहिलं, की ते बोट पदरात गेलं. मिलिग्रॅमचा चेहरा उतरला. असं झालं की माणूस विनोद करायला जातो, तसा तोही गेला.

"आवाज नव्हता ते खरंच आहे म्हणा," तो हसत म्हणाला. "आमचे बाबा एवढे चिक्कू, की वरच्या पाण्याच्या टाकीच्या वळणावर आले की इंजिनच बंद करायचे. तिथून उतारावर गाडी गडगडत घरापर्यंत. मी विचारलं, बाबा, असं का? तर म्हणाले, पेट्रोल काय झाडाला लागतं का?"

ही गोष्ट त्याने आयुष्यात शंभरदा सांगितली असेल. लग्नात सांगितली होती, वडिलांच्या माघारी चुलत्यांना सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी लोक हसले होते. आताही हसले. मेस्त्री मात्र हसला नाही. बशीतला चहा तसाच धरून तो म्हणाला, "कोण चिक्कू? तुझा बाप? अरे, एक कार्ब्युरेटर पुरत असताना त्याने माझ्याकडून दोन बसवून घेतले. दोनशे पावलांच्या उतारावर पेट्रोल वाचतं तरी किती? तू तर वजनं तोलणारा माणूस, एवढं तुला तोलता येईना?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठून आत निघून गेली होती.

पाहुणे गेल्यावर मिलिग्रॅम मागच्या खोलीत गेला. आई पलंगावर बसली होती, खिडकीकडे तोंड करून. तो तिच्या उजव्या बाजूला बसला.

"आई, काय चुकलं माझं?"

"तुझं कशाला चुकेल?" ती बाहेर बघतच म्हणाली. "त्यांनी तुला सांगितलं पेट्रोल, तू धरलंस पेट्रोल. लहान होतास." मग म्हणाली, "रात्रभर वॉर्डात उभी असायची मी. सकाळी घरी यायचं, तुला शाळेत धाडायचं आणि इथे पडायचं. तुझ्या बाबांना ठाऊक, गाडीचा आवाज केवढा. म्हणून तिकडे वरच बंद करायचे. माझी झोप मोडू नये म्हणून."

मिलिग्रॅमच्या डोळ्यांसमोर ते वळण आलं. वडिलांचं ओठांवर बोट. 'आता गप्प,' असं ते म्हणायचे, आणि किल्ली एक खटका मागे घ्यायचे. त्याला तो खेळ वाटायचा: पोचते की नाही घरापर्यंत! उतरल्यावर बूट हातात घेऊन आत जायचं, हेही त्याला आठवत होतं. दिवसा आई झोपते हेही माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि तरी पन्नास वर्षं तो लोकांना पेट्रोलची गोष्ट सांगून हसवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"आणि मी," आई म्हणाली, "झोपलेली नसायचीच."

"म्हणजे?"

"बाराला जाग यायची. ते यायचे दोनला. दोन तास नुसती पडून असायची, कान देऊन. आधी लांबून, टाकीच्या वरून, मोरपंखीचा आवाज. मग एकदम काही नाही. तिथून मी आकडे मोजायची. चाळीसला अंगणात खडी वाजायची, अशी हळू, तांदूळ निवडल्यासारखी. मग दार न आपटता लावलेलं. मग ते दारातून डोकावायचे. मी डोळे मिटून घ्यायची."

"अगं, पण का?"

"एवढं जपून आलेला माणूस! जागी आहे असं दिसलं असतं, तर त्यांना वाटलं असतं, आपल्यामुळेच उठली. वाईट वाटलं असतं रे त्यांना."

"चौदा वर्षं?"

"चौदा वर्षं. दोघंही मोठे शहाणे." ती हसली, आणि हसतानाच तिचे डोळे भरून आले. "एकदा तरी म्हणायला हवं होतं मी. 'आलात?' एवढंच. म्हटलं, रात्रपाळी संपली की म्हणू. ती संपली त्याच वर्षी गाडी गेली. मग ते चालत यायचे पुढच्या दाराने, आणि मी स्वयंपाकघरात कामात. तेव्हा म्हणून काय उपयोग? ते म्हणाले असते, दिसतंय की आलोय."

तीन आठवडे का थांबला नाहीत, हे मिलिग्रॅमला वडिलांना विचारायचं होतं. आता त्याला त्यांना आणखी खूप काही विचारायचं होतं, आणि क्षमाही मागायची होती.

"मला नाही त्या गाडीत बसायचं," आई म्हणाली. "मी त्यात बसले तरी किती वेळा? मला ती इथूनच माहीत आहे, ह्या पलंगावरून. तू ये तशी. एकदा. अजून हा कान आहे तोवर."

दुसऱ्या दिवशी मिलिग्रॅमने हातगाडीने तीन खेपा खडी आणली आणि लेव्हल लावून घातलेल्या त्या सुरेख फरशीवर ओतून फावड्याने पसरली. बायको दारात उभी राहून बघत होती. "सात वर्षांत पहिल्यांदा काहीतरी न मोजता आणलंत," ती म्हणाली, आणि पदर खोचून खडी पसरायला खाली उतरली.

मेस्त्रीने त्याला आपल्या दारापुढच्या उतारावर शिकवलं. "किल्ली एकच खटका मागे. बाहेर काढायची नाही, काढलीस तर स्टेअरिंग अडकलं. आणि इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा होतो, पाय जोर लावून ठेव." पहिल्या खेपेला मोरपंखी थेट मेस्त्रीच्या कुंपणात गेली. नशीब, कुंपण बारीक काटक्यांचं होतं. चौथ्या खेपेला जमलं, तेव्हा मेस्त्री पाठ फिरवून नाक शिंकरू लागला.

मंगळवारी दुपारी तो निघाला. घरात बायकोने पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, नळाखाली फडकं ठेवलं आणि मागच्या खोलीची खिडकी सताड उघडली. आई डाव्या कुशीवर, उजवा कान वर करून पडली. घड्याळात पावणेदोन झाले होते.

मिलिग्रॅम जुन्या रस्त्याने लांब जाऊन परत फिरला. त्या दिवशी मोरपंखीची तब्येत काय खुलली होती! वळण आलं की ती आपणहून खांदा खाली घालायची, सरळ रस्ता आला की गळा मोकळा सोडायची. एरवी त्याने तिला अजून तासभर तरी पळवलं असतं. पण आज त्याला पहिल्यांदा कळत होतं, की वडील दर दुपारी एवढं सुख हातात घेऊन यायचे आणि ते टाकीपाशी सोडून द्यायचे. आवडत नव्हतं म्हणून नव्हे.

टाकी आली. त्याने आधी तिला मोठ्याने एकदा गाऊ दिलं, लांबून कळावं म्हणून. मग डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघून तो म्हणाला, "आता गप्प," आणि किल्ली मागे घेतली.

शांतता झाली. टायर रस्त्यावर सरपटत होते आणि खिडकीतून वारा येत होता, बस्स. त्याने आकडे मोजायला सुरुवात केली. दहा. एका घरापुढे कुणी बाई कपडे वाळत घालता घालता बघत राहिली. वीस. उतार संपत आला आणि वेग मंदावला. पोचतेय की नाही, ह्या धास्तीने सातव्या वर्षीसारखा तो पुढे वाकून बसला. तीस. फाटक उघडं होतं. सदतीसला चाकाखाली खडी आली. तीन आकडे कमी. आयुष्यात पहिल्यांदा त्याने फरक तसाच सोडून दिला.

खडी किती हळू वाजते, हे त्याला आता ऐकू आलं. एवढासा आवाज. हा तिला जाणार कसा?

दोन्ही हातांनी दार हळू लोटून त्याने बंद केलं, बूट काढून हातात घेतले आणि तो आत गेला. मागच्या खोलीच्या दाराशी थांबून त्याने डोकावलं.

आई निजली होती. डोळे मिटलेले, श्वास संथ, हात गालाखाली. त्याने वाट पाहिली. काही हललं नाही. उशीर झाला होता बहुतेक. कान गेला असेल, नाहीतर वाट बघता बघता म्हातारीचा डोळा लागला असेल. त्याने पायजम्याला घाम पुसला. चौदा वर्षं वडील इथेच उभे राहिले असतील, हेच पाहिलं असेल, आणि आपलं काम नीट झालं म्हणून समाधानाने परतले असतील. तोही वळला. निदान तिची झोप तरी मोडायला नको.

"आलात?"

तो जागीच थांबला. आईने डोळे उघडले नव्हते. पण तिचा चेहरा सगळा उजळला होता.

"आलो," तो म्हणाला. वडील असतील तिथे त्यांनाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाला, आणि काय झालं म्हणून बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तेव्हा तो तसाच दारात उभा होता, हातात बूट धरून.